पिवळी ओळ मोठ्याने म्हणावी

माणूस आणि परमेश्वर यांच्यातलं अंतर हे मुळात दृष्टीचं अंतर आहे. हे वाक्य वाचून एका निवृत्त प्राध्यापकांना डोळे पुसताना मी स्वतः पाहिलं आहे. ते आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकात दुसऱ्या पानावर छापलेलं आहे, आणि ज्याने ते लिहिलं तो त्याआधी न्हाणीघराच्या फरशांची माहितीपत्रकं लिहीत असे. अंतराबद्दल तो तिथेही लिहीत होता. फक्त ते दोन फरशांमधलं होतं.

आम्ही चष्मे विकतो. दिसायला साधा चष्मा. घातला की काचेत, समोरच्या माणसाच्या छातीच्या आसपास, अक्षरं तरंगू लागतात. नाट्यगृहं करून झाली, क्रीडांगणं झाली, वस्तुसंग्रहालयं झाली. तिथला माणूस कंटाळला की चष्मा काढून खिशात घालतो आणि पुष्कळदा तसाच घरी घेऊन जातो. तेव्हा आमच्या विभागप्रमुखांना चर्च सुचलं. "विचार करा," बैठकीत ते म्हणाले, "दर आठवड्याला येणारं गिऱ्हाईक. ठरलेल्या बाकावर बसणारं. कंटाळलं तरी उठून न जाणारं. आणि वर चोरी न करणारं! असं मार्केट मला दुसरं दाखवा." कोणालाच दाखवता आलं नाही. माझे सासरे पाळक आहेत हे त्यांच्या कानावर कोणी घातलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. संशय चौघांवर आहे, त्यातला एक मी स्वतः. सासऱ्यांच्या चर्चमध्ये चाचणी करायची, ती बिशपना दाखवायची आणि मग अख्खा धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या हाताखालची झाडून सगळी चर्चं, खिशात घालायची, असं ठरलं. "आणि नाही जमलं तर," विभागप्रमुख माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुम्हीही जरा विश्रांती घ्या. खूप दमलाय." पाठीवर हात ठेवणाऱ्या माणसाचा दुसरा हात कुठे आहे, हे मी तेव्हापासून बघतो.

तर त्या रविवारी काय झालं, एवढंच सांगायचं आहे. सासरे प्रवचन देत होते. मी शेवटच्या बाकावर बसून लोकांचे चष्मे मोजल्यासारखं करत होतो. आमच्या चष्म्यातली पद्धत सोपी: पांढरी ओळ ऐकायची, पिवळी ओळ मोठ्याने म्हणायची. मंडळीला हे शिकवायला थोडे रविवार गेले. मग इतकं अंगवळणी पडलं की पिवळं दिसलं रे दिसलं की तोंडं उघडायची. सासरे म्हणत होते, "आणि म्हणून जो वाट पाहतो..." आणि थांबले. पाहतच राहिले. आणि मग सगळ्या बाकांवरून, बायका, पुरुष, पेन्शनर, सगळ्यांनी एका सुरात, प्रार्थनेतला प्रतिसाद देतात तशा धीरगंभीर आवाजात म्हटलं, "थांबा. पाणी प्या." पेटी वाजवणाऱ्या बाईंनी सवयीने मागून एक सूर धरला. सासरे थांबलेलेच होते. ते पाणी प्यायले. पेला खाली ठेवला. प्रवचन पुढे सुरू झालं. कोणी हसलं नाही. कोणी मान वळवून शेजाऱ्याकडे पाहिलं नाही. दारात माझ्याशी हात मिळवताना एक सद्गृहस्थ म्हणाले, "आज फार भावलं हो. विशेषतः तो पाण्याचा भाग."

ती ओळ मजकुरात नव्हती. प्रवचनाचा मजकूर शनिवारी मी स्वतः तपासतो, स्वल्पविरामासकट. चष्म्यात ओळी सोडायचं काम माझी बायको करते. खांबाच्या आडोशाला एक छोटं टेबल, त्यावर लॅपटॉप, पडद्यावर दोन चौकटी: डावी बाकांसाठी, उजवी व्यासपीठासाठी. कारण प्रवचनकारालाही एक चष्मा असतो, काळ्या दांड्यांचा, म्हणजे त्याला कागदात मान घालावी लागत नाही. पाळकाची मुलगी, उपासनेतलं कुठे काय येतं ते तिला झोपेतून उठवून विचारावं. तेव्हा चूक तिची असणं शक्य नव्हतं. आणि चूक नसेल तर मग काय होतं, हा विचार घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात चपलेत खडा शिरावा तसा शिरला. चालता येतं, पण चालण्याखेरीज दुसरं काही सुचत नाही. पहिला संशय अर्थातच प्रतिस्पर्धी कंपनीवर. त्यांचा एक गुळगुळीत दाढीचा माणूस मागच्या महिन्यात उपासनेला येऊन बसला होता, आणि त्याने गाणी चष्म्याशिवाय म्हटली होती. असा माणूस काहीही करू शकतो. पण पैसे खाऊन आमच्या यंत्रणेत शिरलेला माणूस लोकांना पाणी प्यायला का सांगेल? मग मला वाटलं, सासरेच. त्यांना पहिल्यापासून मी विकत असलेल्या वस्तूंबद्दल एक प्रकारची दयाळू मौज वाटत आलेली आहे. आमचं लग्न ठरायच्या वेळी मी लिफ्टमध्ये वाजणारं संगीत विकत होतो. "म्हणजे वर जाताना वेगळं आणि खाली येताना वेगळं असतं का?" त्यांनी विचारलं होतं. मी नाही म्हटलं. "मग आमच्याकडे या," ते म्हणाले, "आमच्याकडे असतं."

त्या काळी ते कागदाशिवाय बोलत. मला आठवतं, आमच्या लग्नात त्यांनी स्वतःच आम्हाला आशीर्वाद दिला. हात वर केला तेव्हा बाहीतून मनगट बाहेर आलं, त्यावर घड्याळाचा पांढरा पट्टा उमटलेला होता. घड्याळ त्यांनी मुद्दाम काढून ठेवलं होतं. मी आशीर्वादाकडे लक्ष न देता त्या पट्ट्याकडे पाहत होतो. लहानपणापासून हे असंच. प्रार्थनेला सगळे डोळे मिटायचे आणि मी उघडे ठेवायचो. पापण्या मिटलेली माणसं फार विचित्र दिसतात. आईची पापणी आतून कोणी ढकलत असल्यासारखी थरथरायची, एक काका डोळे मिटून नाक कोरायचे, आणि मला एकट्याला हे सगळं दिसतंय याचा एक गोड, ओशाळवाणा ताप अंगात चढायचा. देव बघतो म्हणतात. पण त्या खोलीत प्रत्यक्ष बघणारा मीच होतो. अशा मुलाने मोठेपणी चष्मे विकावेत यात नवल नाही, आणि त्याने बायकोवर संशय घ्यावा यातही नाही.

"त्या पाण्याच्या ओळीचं काय झालं गं?" मी जेवताना विचारलं.

"कुठली?"

"अख्ख्या मंडळीने म्हटली ती."

"मग मंडळीला विचार. मी तर म्हटली नाही."

"मजकुरात नव्हती."

"तुझ्या मजकुरात तहान नव्हती, माणसाला होती," ती म्हणाली आणि उठून भांडी आवरायला लागली. भांडी रिकामी झालेली नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस शब्द ऐकत नाही, भांड्यांचा आवाज ऐकतो. तो आवाज चोराचा होता.

मग मी सगळंच बघायला लागलो. आठवडाभर ती माहेरी, म्हणजे चर्चमागच्या पाळकघरात, रोज जात होती. पूर्वी आठवड्यातून एकदा जायची. फोन आला की बाल्कनीत जायची आणि तिथे हळू आवाजात एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं काहीतरी सांगायची: "नाही, आज बुधवार. हो. नाही, तिथेच आहे, कपाटात." कपाटात कोण आहे? बायकोचं कुठे तरी प्रकरण असावं असं मला वाटलं, आणि ते प्रकरण इतकं बावळट आहे की त्याला वार कळत नाही, या विचाराने मी दुखावलो. बुधवारी मीही निमित्त काढून पाळकघरी गेलो. सासऱ्यांनी चहा करायला घेतला. स्वयंपाकघरातला खण उघडून ते त्यात बघत उभे राहिले. खणात जे असतं तेच होतं. मग माझ्याकडे वळून, अगदी प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "जावईबापू, ते हे द्या हो. ढवळतात ते." मी चमचा दिला. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला, जणू मी विकायला आणलाय. "वा," ते म्हणाले, "काय काय निघालंय आता." मी हसलो, कारण थट्टा माझ्या धंद्याची होती. दारात उभी असलेली बायको मात्र हसली नाही. तिचं ते न हसणं मी घरी आणलं, रात्रभर कुशीला घेऊन झोपलो, आणि सकाळी ठरवलं की उजव्या चौकटीत काय चालतं ते बघायचं.

अवघड काहीच नव्हतं. काळ्या दांड्यांचा एक जादा चष्मा माझ्या बॅगेत होताच. व्यासपीठावर जे जाईल ते त्यातही दिसणार. रविवारी तो घालून मी शेवटच्या बाकावर बसलो. पहिलं गीत झालं. सासरे वर चढले. आणि माझ्या डोळ्यांसमोर, त्यांच्या पांढऱ्या झग्यावर, ओळी यायला लागल्या. प्रवचन त्यात होतंच. पण प्रवचनाच्या ओळींमध्ये, भिंतीच्या फटीतून पाणी झिरपावं तशा दुसऱ्या ओळी. *डावीकडे बघा. हसा.* सासरे डावीकडे बघून हसले. *हे झालं. पुढचं घ्या.* त्यांनी पुढचं घेतलं. *पहिल्या बाकावरच्या बाईंचा मुलगा गेला. नाव घेऊ नका, नुसते थांबा.* ते थांबले, आणि पहिल्या बाकावरच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी बघत होतो, आणि मला लाज वाटावी असं काहीतरी झालं: मला हायसं वाटलं. बायकोचं प्रकरण नव्हतं. ते हायसं वाटणं पुरतं छातीपर्यंत पोचतंय तोच पुढची ओळ आली. *बाबा, घाबरू नका. आपण चर्चमध्ये आहोत. आज रविवार आहे. तुम्ही इथले पाळक आहात.*

काचेतलं अक्षर पुसता येत नाही. मान वळवली तरी ते बरोबर येतं. मी मान वळवली. भिंतीवर तीच ओळ. खिडकीवर तीच ओळ. खांबाकडे पाहिलं तर बायको माझ्याकडे बघत होती, आणि *तुम्ही इथले पाळक आहात* हे शब्द तिच्या कपाळावरून तिच्या हातांवर उतरले. बाकांवरच्या चष्म्यांच्या दांड्या राखाडी असतात, हे तिला माहीत होतं. माझ्या काळ्या होत्या. तिने क्षणभर डोळे बारीक केले आणि बोटं चालवली. नवी ओळ आली. *काढ तो चष्मा.*

ओळ माझ्यासाठी होती. पण चौकट व्यासपीठाची होती. सासऱ्यांनी ती वाचली, मान डोलावली, आणि चष्मा काढून शांतपणे समोर ठेवला.

ते किती वेळ उभे होते सांगता येणार नाही. मंडळी काचेत बघत होती, काचेत काही येत नव्हतं, म्हणून मंडळीही थांबली. व्यासपीठावर सासऱ्यांचे चष्म्याविना डोळे मी पुष्कळ दिवसांनी पाहत होतो. त्यांत भीती नव्हती. परक्या स्टेशनवर उतरलेल्या, पण कोणीतरी घ्यायला येणार असल्याची खात्री असलेल्या माणसाचे ते डोळे होते. मग त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला. बाही मागे सरली. आणि प्रवचन अर्ध्यावर, दोन गीतं आणि दानार्पण शिल्लक असताना, त्यांनी समाप्तीचं आशीर्वचन दिलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. हाताला पाठ होतं ते. "आमेन," मंडळी म्हणाली, पिवळ्याची वाट न बघता, आणि दुपारचं ऊन व्हायच्या आत घरी जायला मिळालं म्हणून उल्हासाने बाहेर पडली. दोघातिघांनी मुद्दाम येऊन सांगितलं की चष्म्यांमुळे उपासनेत खरोखरच सुधारणा झाली आहे.

रिकाम्या चर्चमध्ये आम्ही दोघं बसलो. "कधीपासून?" मी विचारलं.

"आई होती तोवर ती पहिल्या बाकावरून ओठ हलवून सांगायची. कोणाला कळायचं नाही. ती गेल्यावर मी काय करणार होते? तुझा चष्मा आला आणि सुटले बघ. फक्त त्या दिवशी घाईत पाण्याची ओळ डाव्या चौकटीत गेली, तीही पिवळी होऊन."

"म्हणजे चाचणीला ते हो म्हणाले ते..."

"मी म्हणायला लावलं."

मला वाटलं होतं, मी विकला. चार चकरा, तीन सादरीकरणं आणि दृष्टीच्या अंतराचं ते वाक्य. माझ्या नोकरीतली ती एकमेव विक्री होती जिचा मला अभिमान होता. "मला सांगायचंस तरी," मी म्हणालो.

"तुला? तू कोणाला सांगितलं नसतंस, माहितीये मला. पण तू बघत राहिला असतास. तुझं ते बघणं त्यांना कळतं रे. बाकी काही कळेना, ते कळतं." मग लॅपटॉप मिटून म्हणाली, "पुढच्या रविवारी बिशप येतायत. त्यांना कळलं तर बाबांना घरी बसवतील. बसवू देत. पण घर कुठलं? पाळकघर पाळकाचं असतं. त्या घराबाहेर त्यांना आपला संडास कुठे आहे ते सापडणार नाही."

बाहेर सासरे पायरीवर बसून बूट बघत होते. मी शेजारी बसलो. "एक विचारू का?" ते म्हणाले. "ते त्यात लिहितं कोण?"

"तुमची मुलगी."

"असं होय." त्यांनी बुटाची नाडी सरळ केली. "मला वाटलं, इतक्या वर्षांनी वरून उत्तरं यायला लागली." आणि माझ्याकडे बघून त्यांनी डोळा मारला, किंवा त्यात धूळ गेली. थट्टा होती की नव्हती, हे मला ठरवता आलं नाही. माझ्यासारख्या माणसाची यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

बिशप आले तो रविवार मी कसा काढला ते माझं मला माहीत. थोराड, मृदू बोलणारा माणूस, जाड भिंगांचा चष्मा, मागेमागे कागद धरलेला सचिव. ते पहिल्या बाकावर बसले, त्यांनी आमचा चष्मा नुसता हातात धरला. बायकोच्या मागे उभं राहून मी उजव्या चौकटीकडे पाहत होतो. पावसात छपराखाली उभ्या माणसासारखा, एकेक ओळ आपल्या अंगावर न पडता समोर पडताना. *बाबा, पहिल्या बाकावर बिशप बसले आहेत. तुमचे मित्र आहेत. नाव विचारू नका.* सासरे बिशपांकडे बघून इतकं मनापासून हसले की बिशपही हसले. प्रवचन पार पडलं. शेवटचं गीत सुरू झालं, तिने श्वास सोडला, तिची बोटं कळफलकावरून मांडीवर आली. उजव्या चौकटीत शेवटची ओळ तशीच होती: *शाब्बास बाबा. आता काही आठवलं नाही तरी चालेल. उभे राहा नुसते, बाकीचं बिशप करतील.*

आणि बिशप उठले, पायऱ्या चढून व्यासपीठावर गेले, आणि माईकजवळ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाळकसाहेब, तुमचा चष्मा द्या बघू. तुम्हाला काय दिसतं ते मलाही दिसू दे." सासऱ्यांनी लगेच काढून दिला, कोणी काही मागितलं की ते देत असत. बिशपांनी स्वतःचा चष्मा झग्याच्या खिशात ठेवला, आमचा चढवला. बायकोचा हात उचलला गेला, पण कुठली कळ दाबायची हे तिला सुचेना. मलाही सुचेना, आणि मी त्या यंत्राचा विक्रेता आहे. बिशप स्तब्ध उभे होते. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. डोळे समोर कुठेतरी दूर लागलेले. पाठमोऱ्या बायकोच्या मानेवरचे केस ताठ झालेले मला दिसत होते. मी मनात सासऱ्यांचं सामान बांधलं, आमची मागची खोली रिकामी केली, विभागप्रमुखांचा हात पाठीवर घेतला. मग बिशपांनी हात वर केला आणि आशीर्वचन दिलं. ते संपल्यावर त्यांनी दुसरा हात हळूच बाजूला नेला, सासऱ्यांचा खांदा शोधला, घट्ट धरला, आणि दोघं म्हातारे एकेक पायरी जपून उतरत, सगळ्या मंडळीसमोर, खाली आले. खाली आल्यावरही बिशपांनी खांदा सोडला नाही. चष्मा माझ्या हातात देताना ते एवढंच म्हणाले, "सुंदर. सगळं स्पष्ट आहे."

बायको त्या रात्री रडली आणि गाढ झोपली. मी जागा राहिलो, पण निराळ्या कारणाने. त्या माणसाने वाचलं होतं. *काही आठवलं नाही तरी चालेल* हे वाचून त्याने सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि कोणाला काही कळू दिलं नव्हतं. बघणारा माणूस बघून गप्प राहू शकतो, हे मला कधी सुचलंच नव्हतं. पुढचे कित्येक दिवस मी त्या एका हातावर जगलो. विभागप्रमुखांवरचा संशय सैल झाला. बायको बाल्कनीत फोनवर बोलत असली की मी दार लोटून घ्यायला लागलो. रविवारी काम नसतानाही चर्चला जायला लागलो, आणि सासरे थांबले की मंडळीबरोबर मीही थांबायला लागलो. माहितीपत्रकातलं ते वाक्यसुद्धा मी एकदा पुन्हा वाचलं, आणि कबूल करायला हरकत नाही, फरशा आठवल्या नाहीत.

धर्मप्रांताची ऑर्डर आली, सगळ्या चर्चांची. विभागप्रमुखांनी पेढ्याऐवजी मला एक चष्मा भेट दिला. मग बिशपांच्या कचेरीतून सचिवाचा फोन आला. बिशपसाहेबांसाठी एक वेगळा बनवावा लागेल म्हणाले, त्यांच्या नंबरची भिंगं घालून. नंबर लिहून घ्या, दोन्ही डोळे उणे अकरा. त्या दिवशी स्वतःचा काढल्यावर त्यांना काचेतलं सोडाच, समोरचे बाकही दिसले नव्हते. उतरताना पायऱ्या दिसेनात, पण पाळकसाहेब शेजारी होते म्हणून निभावलं.